रोमन रथशर्यतीचं मैदान पाहायचंय? रोममधली दोन, इस्तंबूल, स्पेन की जॉर्डन

कोलोझियम सगळ्यांना ठाऊक असतं. पण रोमन माणसाचा जीव खरा अडकलेला असायचा तो रथांच्या शर्यतीत. कोलोझियममध्ये ५० हजारांच्या आसपास प्रेक्षक बसायचे. रोममधल्या सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतीच्या मैदानात, सावध अंदाज धरला तरी दीड लाख. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने तर अडीच लाखांचा आकडा दिला आहे. ग्लॅडिएटरच्या झुंजी रोममध्ये सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून इथे घोडे धावत होते आणि झुंजी बंद पडल्यावरही शंभरेक वर्षं धावत राहिले. रोमन लोकांना समजून घ्यायचं असेल तर या मैदानात एकदा उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

अडचण पुढे येते. कोलोझियम एकच आहे, पण रथशर्यतीची मैदानं साम्राज्यभर होती, आणि आज त्यातलं प्रत्येक मैदान वेगळ्या अवस्थेत आहे. कुठे नुसती जमीन उरली आहे, कुठे नुसते खांब, कुठे पायऱ्यांखालची भुयारं. त्यामुळे ‘सगळ्यात प्रसिद्ध कुठलं’ हे विचारून ठरवलं तर निराशा पदरी पडण्याची शक्यता जास्त. माझं मत आधीच सांगून टाकते: रोमला जाणार असाल आणि एकाच मैदानासाठी अर्धा दिवस असेल, तर तो शहराबाहेरच्या, सम्राट मॅक्सेन्शियसच्या मैदानाला द्या. का, ते पुढे सविस्तर सांगते. आणि रोमला जाणारच नसाल तर काय, तेही.

आधी शर्यत डोळ्यांसमोर आणा

शर्यत कशी चालायची हे माहीत नसेल तर सगळीकडे फक्त गवत आणि विटा दिसतात. लांबट मैदान, एक टोक अर्धगोल, दुसऱ्या टोकाला बहुतेक ठिकाणी बारा गेट. मधोमध लांबलचक दुभाजक आणि त्याच्या दोन्ही टोकांना वळणाचे शंकूसारखे खांब, तीन-तीनच्या जुडीने. खेळांच्या यजमानाने पांढरा रुमाल खाली टाकला की गेट एकदम उघडायचे आणि चार-चार घोड्यांचे रथ सुटायचे. सात फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने. सर्कस मॅक्सिमसमध्ये हे अंतर पाचेक किलोमीटर भरत असावं. हजारो लोकांना फेऱ्यांचा हिशेब कळावा म्हणून दुभाजकावर अंड्यांच्या आणि डॉल्फिनच्या आकृत्या असायच्या आणि दर फेरीला त्यातली एकेक हलवली जायची.

आपल्याकडे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळी वाट दिलेली बैलगाडा शर्यत ज्यांनी घाटावर उभं राहून पाहिली आहे, त्यांना धुरळा आणि आरोळ्या वेगळ्या सांगायला नकोत. पण तिथे गाडा सरळ धावतो, सगळा खेळ काही सेकंदांचा. रोमन शर्यतीचा निकाल लागायचा वळणावर. खांबाला जितकं चिकटून वळाल तितकं अंतर वाचतं, आणि चाक खांबाला लागलं की रथाचा चुराडा. प्रत्येक वळण डावीकडे, म्हणून चार घोड्यांतला डाव्या टोकाचा घोडा सगळ्यात मोलाचा. मधले दोन जोखडाला जुंपलेले असत, टोकाचे दोन फक्त दोरांनी बांधलेले. सारथी लगाम कमरेभोवती गुंडाळायचा आणि रथ उलटलाच तर फरफटत जाऊ नये म्हणून लगाम कापायला जवळ सुरी ठेवायचा.

प्रेक्षक रंगांवर जीव टाकायचे. लाल, पांढरा, निळा आणि हिरवा असे चार संघ. थोरल्या प्लिनीचा भाचा, धाकटा प्लिनी, एका पत्रात वैतागून लिहितो की, लोकांचं प्रेम घोड्यावर नाही आणि सारथ्यावरही नाही, ते सदऱ्याच्या रंगावर आहे. भर शर्यतीत रंगांची अदलाबदल केली तर पाठीराखेही तिकडे जातील. प्रतिस्पर्ध्याचे घोडे अडखळावेत म्हणून शिशाच्या पत्र्यावर शाप लिहून ते पुरण्याचीही पद्धत होती. असे पत्रे उत्तर आफ्रिकेत सापडले आहेत आणि त्यांवर घोड्यांची नावं एकामागून एक लिहिलेली आहेत.

हे सगळं मनात ठेवून मैदानात गेलात की काय शोधायचं ते कळतं: गेट, दुभाजक, वळणं, पायऱ्या. आता कुठे यातलं काय उरलंय ते पाहू.

रोममधली दोन मैदानं: एक अवाढव्य, एक अखंड

सर्कस मॅक्सिमस शहराच्या मध्यात, पॅलाटाइन आणि अ‍ॅव्हेंटाइन या दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत आहे. मेट्रोच्या बी लाइनवर ‘चिर्को मास्सिमो’ याच नावाचं स्टेशन आहे, बाहेर पडलं की मैदान समोरच. लांबी ६०० मीटरहून जास्त. आत जायला तिकीट नाही, दारही नाही. लोक पळायला येतात, कुत्रे फिरवतात, उन्हाळ्यात मोठमोठे संगीताचे कार्यक्रम होतात.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हे एवढंच? ग्रुप टूरच्या बसमधून गाइडने बोट दाखवलं आणि खिडकीतून गवताची घळ दिसली, तर ‘नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा’ असं कुणी म्हणालं तर दोष देता येत नाही. दगड शतकानुशतकं उचलून नेले गेले. मूळ धावेची, म्हणजे रथ धावायच्या पट्ट्याची, पातळी आज कित्येक मीटर खाली गाळात गाडलेली आहे. मध्ययुगात शेती झाली, १९व्या शतकात इथे गॅसचा कारखाना उभा राहिला. सम्राट ट्रेजनने इसवी सन १०३ च्या सुमारास दगडात बांधून काढलेल्या त्या भव्य वास्तूचं जमिनीवर फक्त माप उरलं आहे.

पण ते माप सोडून देण्यासारखं नाही. अ‍ॅव्हेंटाइनच्या बाजूच्या रस्त्यावर, मैदानाच्या साधारण मध्यावर उभं राहा. समोर पॅलाटाइनवर सम्राटांच्या राजवाड्याचे विटांचे प्रचंड सांगाडे दिसतात. सम्राटाला घराच्या सज्जातून शर्यत दिसायची आणि लोकांना सम्राट दिसायचा. दीड लाख लोकांचा आवाज थेट राजवाड्यात पोहोचायचा. करांविरुद्ध, धान्याच्या भावाविरुद्ध लोक इथेच ओरडायचे. राजा आणि प्रजा यांच्यातलं हे अंतर कोलोझियममध्ये उभं राहून असं समजत नाही. इसवी सन ६४ ची रोमची ती प्रसिद्ध आगही याच मैदानाच्या पूर्वेकडच्या दुकानांतून भडकली, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो.

मेट्रोकडच्या अर्धगोल टोकाला २०१६ पासून उत्खननाचा भाग वेगळ्या तिकिटात पाहता येतो. तिथे पायऱ्यांखालच्या कमानी, दगडी रस्ता, दुकानांचे गाळे, शौचालयांचे अवशेष आणि सम्राट टायटसच्या सन्मानार्थ इसवी सन ८१ मध्ये उभारलेल्या विजयकमानीचे भग्न तुकडे आहेत. (फोरममधली टायटसची कमान वेगळी, दोन्हींची गल्लत करू नका.) इथेच सापडलेल्या एका काचेच्या पेल्याच्या तळाशी सोन्याच्या पत्र्यात घोडा कोरलेला आहे आणि घोड्याचं नावही लिहिलंय: नुमिटर. सम्राटांचे पुतळे शेकड्यांनी मिळतात, पण कुणीतरी आपल्या आवडत्या घोड्याचं नाव घालून घेतलेला पेला मिळतो तेव्हा या खेळाचं वेड खरं वाटू लागतं. बाजूलाच मोलेट्टाचा मध्ययुगीन बुरूज आहे. तो चढायला खुला असेल तर चढा, मैदानाची लांबी तिथून नजरेत मावते. २०१९ पासून व्हीआर चष्मे लावून मैदानात फिरायची सोयही आहे. इथे उभं काहीच नसल्यामुळे ती खरोखर उपयोगी पडते. मुलं बरोबर असतील तर तिकीट काढा; दिवस आणि वेळ मात्र आधी तपासून घ्या.

आता दुसरं मैदान. अप्पिया आंतिका, म्हणजे जुन्या अप्पियन रस्त्यावर, शहराच्या जुन्या तटापासून दोन-तीन रोमन मैलांवर सम्राट मॅक्सेन्शियसने ३०६ ते ३१२ या काळात राजवाडा, शर्यतीचं मैदान आणि समाधी असा संपूर्ण परिसर बांधला. त्याचा कोवळ्या वयातला मुलगा रोम्युलस ३०९ मध्ये वारला, समाधी त्याच्यासाठी. ३१२ मध्ये मिल्वियन पुलाच्या लढाईत कॉन्स्टन्टाइनकडून हरून मॅक्सेन्शियस टायबर नदीत बुडाला. त्यानंतर या मैदानाला मालकच उरला नाही. त्यावर शहर वाढलं नाही, बाजार बसला नाही. म्हणूनच आज एवढं मोठं मैदान जवळपास पूर्ण आराखड्यानिशी टिकून आहे.

लांबी ५०० मीटरपेक्षा थोडी जास्त, बसायची जागा जेमतेम दहा हजारांची. मॅक्सिमसच्या तुलनेत हे खासगी मैदानच म्हणायचं. पण शर्यत समजून घ्यायला जे काही लागतं ते सगळं इथे जमिनीवर आहे. पश्चिमेच्या टोकाला दोन बुरूज अजून उभे आहेत आणि त्यांच्या मधोमध गेटची जागा. ही गेटची रांग सरळ नाही, कमानीसारखी वळवलेली आहे, म्हणजे कुठल्याही गेटमधून निघालेल्या रथाला सुरुवातीच्या रेषेपर्यंत सारखंच अंतर पडावं. मधला दुभाजकही बाजूच्या भिंतींना समांतर नाही. तो मुद्दाम तिरका घातलाय, कारण सुरुवातीला सगळे रथ एकदम उजव्या बाजूने घुसतात तेव्हा तिथे जागा जास्त हवी. पुढे रथ मागे-पुढे झाले की कमी जागा पुरते. एका टोकाला उभं राहून दुभाजकाकडे नजर टाकली की हा तिरकेपणा डोळ्यांना दिसतो. सतराशे वर्षांपूर्वी कुणीतरी घोड्यांच्या गर्दीचा एवढा विचार केला होता. माझ्या मते रोममध्ये पाहण्यासारख्या सर्वांत हुशार गोष्टींपैकी ही एक आहे आणि तिच्यासमोर फोटोसाठी रांग लागलेली नसते.

आणखी एक गोष्ट नक्की शोधा. प्रेक्षकांच्या पायऱ्या पेलणारी छतं ढासळली आहेत, आणि त्या फुटलेल्या काँक्रीटमध्ये मातीचे रिकामे रांजण रोवलेले दिसतात. छताचं वजन कमी करण्यासाठी बांधकामातच मडकी भरायची ही युक्ती. पूर्वेच्या अर्धगोल टोकाला मोठी कमान आहे. १८२५ च्या उत्खननात रोम्युलसच्या नावाचा शिलालेख मिळाला, तेव्हा कुठे कळलं की हे मैदान मॅक्सेन्शियसचं. तोवर लोक ते काराकाल्ला सम्राटाचं समजत होते.

दोन्हींची तुलना करायची तर असं: मॅक्सिमसमध्ये शर्यत किती मोठी होती ते कळतं, मॅक्सेन्शियसच्या मैदानात ती कशी चालायची ते कळतं. मॅक्सिमसला वाटेवर असताना जाता येतं, वीस मिनिटांतही बघून होतं. मॅक्सेन्शियससाठी बस धरावी लागते (११८ क्रमांकाची बस अप्पिया आंतिकाकडे जाते), उन्हात चालावं लागतं, आणि अप्पियाचे जुने दगड गुडघेदुखी असणाऱ्यांना त्रास देतात. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर थेट प्रवेशद्वारापर्यंत टॅक्सी करा. ते सोमवारी बंद असतं आणि दुपारी लवकर बंद होतं, त्यामुळे सकाळीच गाठा. जवळच चेचिलिया मेतेल्लाची गोल समाधी आणि सेंट सेबॅस्टियनची भुयारी कबरस्तानं आहेत, म्हणजे फेरी वाया जात नाही. आत खाण्यापिण्याची सोय धरू नका. पाणी आणि टोपी जवळ असू द्या.

दोन्ही मैदानांच्या दुभाजकांवरचे इजिप्शियन ओबेलिस्क (एकाच दगडाचे उंच, निमुळते खांब) आता रोमच्या चौकांत आहेत. ऑगस्टसने इसवी सनपूर्व १० मध्ये आणून मॅक्सिमसमध्ये उभारलेला पियात्सा देल पोपोलोमध्ये, कॉन्स्टॅन्शियस दुसरा याने ३५७ मध्ये आणलेला लॅटेरान चर्चसमोर, आणि मॅक्सेन्शियसच्या मैदानातला पियात्सा नवोनामध्ये, बर्निनीच्या चार नद्यांच्या कारंज्यावर. हे तिन्ही चौक तुमच्या यादीत बहुधा असतातच. मैदानं आधी पाहिलीत तर त्या खांबांची मूळ जागा मनात पक्की असते. पियात्सा नवोना हेच रथशर्यतीचं मैदान होतं असं पुष्कळदा सांगितलं जातं. आकारामुळे तसं वाटतं खरं, पण ते सम्राट डोमिशियनचं धावपटूंचं स्टेडियम होतं, रथ धावण्याइतकं मोठं नव्हतं.

इस्तंबूल: मैदान गेलं, खांब राहिले

रोमच्या अगदी उलट चित्र इथे आहे. रोममध्ये जमीन राहिली आणि तिच्यावरचे खांब दुसरीकडे गेले. इस्तंबूलच्या सुलतानअहमद चौकात पायऱ्या, गेट, धाव सगळं जमिनीखाली गेलं, आणि दुभाजकावरचे तीन खांब मात्र अजून मूळ जागेवर आहेत. ट्राम सुलतानअहमदला उतरवते, निळी मशीद शेजारी, आया सोफिया दोन मिनिटांवर, तिकीट नाही. इस्तंबूलला जाणारा माणूस हा चौक टाळू म्हटलं तरी टाळू शकत नाही. पण बहुतेक जण कशावर उभे आहोत हे न कळताच पुढे जातात.

सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने २०३ च्या सुमारास सुरू केलेलं हे मैदान कॉन्स्टन्टाइनने वाढवलं. उत्तरेकडचा मोठा खांब म्हणजे इजिप्तचा राजा तिसरा थुटमोस याचा ओबेलिस्क, सम्राट थिओडोशियसने ३९० मध्ये इथे उभारलेला. त्याच्या संगमरवरी बैठकीसाठी दहा मिनिटं काढाच. सम्राट आपल्या कक्षात बसलाय, हातात विजेत्यासाठी हार आहे, खाली प्रेक्षकांची दाटी, नर्तकी, वाद्यं. सगळ्यात खालच्या पट्टीत रथ धावताहेत. ज्या जागी हा खेळ झाला त्याच जागी त्याचं तेव्हाचं चित्र बघायला मिळतं, हे भाग्य बाकी कुठल्याही मैदानात नाही. पुढचा पिळदार काशाचा खांब ग्रीसमधून आलेला: इसवी सनपूर्व ४७९ मध्ये प्लाटियाला पर्शियनांचा पराभव केल्यावर ग्रीकांनी तो डेल्फीच्या देवस्थानाला अर्पण केला होता. वरची नागांची डोकी तुटली. एका डोक्याचा भाग पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिसऱ्या, दगडी बांधकामाच्या खांबावरचे धातूचे पत्रे १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातल्या सैनिकांनी काढून नेले. याच लुटीत काशाचे चार घोडे व्हेनिसला गेले. इटलीच्या सहलीत व्हेनिस असेल तर सेंट मार्क चर्चच्या दर्शनी भागावर दिसतात त्या प्रतिकृती. मूळ घोडे आतल्या संग्रहालयात आहेत.

खांबांच्या बुडाशी खड्डे आहेत, वाकून पाहा. जुनी जमीन किती खाली होती ते तिथे कळतं. मग चौकाच्या दक्षिण टोकाने उताराकडे जा. तिथे मैदानाचं अर्धगोल टोक पेलणारी कमानींची प्रचंड भिंत अजून उभी आहे. जागा समुद्राकडे उतरती होती, म्हणून सपाट मैदानासाठी एवढा आधार बांधावा लागला. चौकात फोटो काढणाऱ्यांपैकी फारच थोडे इथवर उतरतात, पण माझ्या मते हिप्पोड्रोमचा, म्हणजे इथल्या रथशर्यतीच्या मैदानाचा, सगळ्यात प्रामाणिक अवशेष हाच.

जानेवारी ५३२ मध्ये निळ्यांचे आणि हिरव्यांचे पाठीराखे, एरवी एकमेकांचे वैरी, इथेच एक झाले आणि ‘निका’, म्हणजे ‘जिंका’, असा घोष करत सम्राट जस्टिनियनविरुद्ध उठले. शहराचा मोठा भाग जळला, तेव्हाची आया सोफियाही. जस्टिनियन पळायच्या तयारीत होता. राणी थिओडोराने त्याला थांबवलं. मग सैन्याने मैदानाची दारं अडवली आणि आत तीसएक हजार माणसं कापली, असं तेव्हाचा इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. आज शेजारी दिसते ती आया सोफिया त्यानंतर ५३७ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे ती वास्तू पाहताना तुम्ही या शर्यतीच्या दंगलीचाच परिणाम पाहत असता.

पुरातत्त्व संग्रहालयात पोर्फिरियस या सारथ्याच्या पुतळ्यांच्या बैठका आहेत. तो निळ्यांकडूनही धावला आणि हिरव्यांकडूनही, आणि शर्यतीत असतानाच त्याचे पुतळे उभारले गेले. रोम आणि इस्तंबूल यांत निवड करायची तर: माणसांच्या गोष्टी, राजकारण, दंगल यांत रस असेल तर इस्तंबूल, बांधकाम आणि खेळाची रचना यांत असेल तर रोम.

स्पेनमधली दोन: मेरिदा आणि तारागोना

मेरिदा हे इसवी सनपूर्व २५ मध्ये ऑगस्टसने निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं गाव, पुढे लुसितानिया प्रांताची राजधानी. इथलं मैदान ४०० मीटरच्या आसपास लांब, ३० हजार प्रेक्षकांचं. दुभाजक, अर्धगोल टोक, पायऱ्यांचा पाया, सगळं एका नजरेत दिसतं. प्रवेशाशी असलेल्या माहिती केंद्राच्या उंचीवरून आधी पाहा आणि मग खाली उतरा. मॅक्सेन्शियसच्या मैदानाशी बरोबरी करू शकेल असं युरोपात हेच. तिथले बुरूज आणि उंच भिंती इथे नाहीत, पण हे शहरातल्या सामान्य लोकांसाठी शतकानुशतकं वापरात असलेलं मैदान होतं. चौथ्या शतकात डागडुजी केल्याचा शिलालेखही आहे.

रथशर्यतीच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध सारथी, गायस अप्पुलेयस डायोक्लीस, याच लुसितानियाचा. रोममधल्या त्याच्या शिलालेखात सगळा हिशेब दिलाय: २४ वर्षांत ४,२५७ शर्यती, १,४६२ विजय, ३ कोटी ५८ लाखांहून जास्त सेस्टर्सची (रोमन नाणी) बक्षिसं. बहुतेक सारथी तरुणपणीच मरत असताना तो ४२व्या वर्षी धडधाकट निवृत्त झाला. मेरिदाच्या रोमन कला संग्रहालयात सारथ्यांची मोझाइक फरशी आहे. ती आणि मैदान एकाच दिवशी पाहा. राफाएल मोनेओने बांधलेली त्या संग्रहालयाची विटांची इमारतही बघण्यासारखी आहे. मेरिदा आडवाटेला आहे, हीच खरी अडचण. माद्रिदहून चार-पाच तास जातात, सेव्हिलहून त्याच्या निम्मे. फक्त मैदानासाठी एवढं जाऊ नका. पण तिथलं नाट्यगृह, लांबलचक पूल आणि जलवाहिन्या धरल्या तर रोमन अवशेषांसाठी स्पेनमध्ये यापेक्षा चांगलं गाव नाही.

तारागोना त्यामानाने सोपं आहे. बार्सिलोनाहून ट्रेनने तासा-सव्वातासात पोहोचता, सकाळी निघून रात्री परत. पहिल्या शतकाच्या शेवटी बांधलेलं हे मैदान लहान, सव्वातीनशे मीटरचं, आणि तेव्हाच्या शहराच्या आतच होतं. पुढे गाव त्याच्यावरच वाढलं. मोकळं मैदान शोधायला गेलात तर सापडणार नाही. प्लासा दे ला फोंत हा चौक जिथे आहे तिथेच रथ धावत होते आणि भोवतालची घरं जुन्या पायऱ्यांच्या कमानींवर उभी आहेत. पण पायऱ्यांखालची लांबच्या लांब भुयारं इथे जितकी शाबूत आहेत तितकी मी वर सांगितलेल्या कुठल्याच ठिकाणी नाहीत. हजारो माणसं ज्या बोळातून आत-बाहेर करायची त्यातून प्रत्यक्ष चालता येतं, आणि शेजारच्या प्रेतोरी या जुन्या बुरुजाच्या गच्चीवरून शहर आणि समुद्र दिसतो. भर उन्हाळ्यात आतली सावली सुखाची वाटते. युटिकीस नावाच्या तरुण सारथ्याचा थडग्याचा दगड याच शहरातला. २२व्या वर्षी आजाराने गेला. मैदानात मरायचं भाग्यही लाभलं नाही, अशी खंत त्याच्यावर कोरलेली आहे.

जॉर्डनचं जेराश, आणि उरलेली

जेराशचं मैदान छोटं, २४५ मीटर लांब आणि ५२ मीटर रुंद. पण वरच्या सगळ्यांत हेच असं आहे, जिथे पायऱ्यांवर बसून समोरची धाव नीट पाहता येते, कारण एक भाग पुन्हा उभा केलेला आहे. गेटच्या कमानीही दिसतात. अम्मानपासून तासाभराचा रस्ता. सम्राट हेड्रियनच्या १२९ सालच्या कमानीतून आत शिरलं की डाव्या हाताला मैदान. मुलांना समजावून सांगायला यापेक्षा सोपी जागा नाही. २००५ पासून काही वर्षं इथे रथांचे प्रयोगही व्हायचे. ते गृहीत धरून जाऊ नका. पेट्रा पाहणार असाल तर जॉर्डन पास हे पर्यटनस्थळांचं एकत्र तिकीट घ्या, जेराश त्यातच येतं. तीन रात्री राहिल्यास व्हिसाचं शुल्कही वाचतं. जुलै-ऑगस्ट टाळा, मार्च-एप्रिलमध्ये डोंगर हिरवे असतात.

लेबननमध्ये टायरचं मैदान आहे, सुमारे ४८० मीटर लांब, अवशेषांच्या दृष्टीने जगातल्या उत्तम मैदानांपैकी एक. दक्षिण लेबननमधली परिस्थिती पाहता सध्या त्याची शिफारस करता येत नाही. लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचंही तेच. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी मात्र एक पर्याय घराजवळ आहे: कोल्चेस्टर. ब्रिटनमधलं आजवर सापडलेलं हे एकमेव रथशर्यतीचं मैदान, २००४ मध्ये सापडलं. उभं काही नाही, जमिनीवर आखून दाखवलेल्या रेषा आणि छोटंसं केंद्र आहे. लंडनहून ट्रेनने तासाभरात जाता येतं. मुलांना रोमला नेण्याआधी तिथे नेलंत तर सर्कस मॅक्सिमसचं गवत त्यांना रिकामं वाटणार नाही.

मग कुणी कुठे जावं

पहिल्यांदाच युरोपला निघालात, ग्रुप टूर आहे, मोकळा वेळ संध्याकाळचाच: सर्कस मॅक्सिमस. अ‍ॅव्हेंटाइनच्या बाजूने जा, राजवाडा उन्हात उजळलेला असतो. स्वतः आखलेली सहल, रोममध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त: सोमवार सोडून कुठल्याही सकाळी मॅक्सेन्शियस, त्याच दिवशी परतताना मॅक्सिमस. क्रम उलटा करू नका. आधी पूर्ण आराखडा पाहिला की मग मोठ्या मैदानातल्या रिकाम्या जागा मनात आपोआप भरतात. बार्सिलोना ठरलंय आणि रोम नाही: तारागोनासाठी एक दिवस काढा. स्पेनच्या दक्षिणेत आठवडाभर असाल तर मेरिदा. इस्तंबूलमध्ये फक्त विमान बदलायला सात-आठ तास थांबणार असाल, तर व्हिसाचं आधी पाहा. वैध शेंगेन, अमेरिका किंवा ब्रिटनचा व्हिसा असलेल्या भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो. नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर खात्री करा. तेवढ्या वेळात चौक, ओबेलिस्कची बैठक आणि दक्षिणेची भिंत होते. संग्रहालयासाठी मात्र आणखी अर्धा दिवस लागेल.